थोरला ए, धाकला वाय

एका खोलीत वीस वर्षं दोन खुर्च्या शेजारी असल्या की किस्से साठतातच, कुणी मुद्दाम जपत नाही. आमच्या शिक्षणसंस्थेच्या शहाद्याच्या कॉम्प्युटर रूममध्ये एक खुर्ची माझी, दुसरी नानांची.

त्या सोमवारी मी विसरवाडीच्या शाळेत होते. तिथला नवा कॉम्प्युटर आमच्या पहारेकरी सर्व्हरला जोडायचा होता. हा सर्व्हर ओपन सोर्स, म्हणजे आतला कोड सगळ्यांना खुला, शिवाय फुकटातला. प्रत्येक शाखेच्या कॉम्प्युटरवर त्याचा एक छोटा प्रोग्राम बसतो, 'एजंट'. कुणी घुसायला बघितलं की एजंट सर्व्हरला कळवतो. जोडताना सर्व्हरकडून एक लांबलचक किल्ली घ्यावी लागते. ती नाना फोनवरून सांगणार होते.

मी शहाद्याला लावलेला फोन प्राचार्य सरांनी उचलला.

"ताई, नाना गेले."

"चिंचपाड्याला ना? गाडी मिळाली का त्यांना?" मी विचारलं.

*

'एजंट' या शब्दाने पहिल्यापासून घोळ घातला. चिंचपाड्याचे हेडमास्तर आम्हाला दारातूनच परत पाठवत होते.

"नाना, एजंट नको! मन्ही पॉलिसी पहिलेच काढेल शे!"

"सर, हाऊ एजंट हप्ता मांगत नही," नाना म्हणाले. "फक्त चुगली करस!"

हेडमास्तरांनी लगेच खुर्ची दिली.

*

किल्ली व्हॉट्सॲपवर पाठवायची नाही, हा नानांचा नियम.

"घरनी किल्ली कोनी चावडीवर टांगस का?"

म्हणून ती फोनवर सांगायची. त्यात मोठी ए-बी-सी-डी वेगळी आणि लहान वेगळी, एक अक्षर चुकलं की सगळं फुकट. नानांनी तोड काढली. मोठं अक्षर थोरलं, लहान अक्षर धाकलं. "थोरला ए, धाकला क्यू, धाकला वाय..." असं अर्धा तास चालायचं.

विसरवाडीची क्लार्क सुनीता तेव्हा नवीन होती. तिने सगळं निगुतीने टाइप केलं आणि म्हणाली, "नाना, किल्लीमा 'dhakla' चाळीस येळा ऊना. बरोबर शे ना?"

नाना खुर्चीतून उठून व्हरांड्यात गेले. पोट धरून हसले, मग परत येऊन गंभीर आवाजात म्हणाले, "सुनीताताई, चूक मन्ही शे. पुन्हा लिखा."

*

एकदा सर्व्हरने भर दुपारी बोंब मारली. ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर कुणीतरी सारखा चुकीचा पासवर्ड टाकत होतं. हॅकर! आम्ही दोघं धावलो.

खुर्चीवर संस्थेचे खजिनदार शेठजी. कपाळाला घाम.

"पासवर्डला नातीचं नाव ठेवलं होतं," ते हळूच म्हणाले. "त्याचं स्पेलिंग विसरलो. कुणाला विचारू?"

नानांनी नवा पासवर्ड करून दिला आणि कुणाला काही सांगितलं नाही. मलाही बजावलं.

*

रोज सकाळी नाना एजंटांची यादी हजेरीसारखी वाचायचे. चालू एजंट हिरवा, बंद लाल. हिरवा दिसला की मी आमच्या बोलीत 'आहे' म्हणून ओरडायची, "शे!" लाल दिसला की, "नही शे!" शेवटचं नाव त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरचं, 'nana'. तिथे ते स्वतःच छाती काढून म्हणायचे, "शे!"

*

नाना गेल्यापासून यादी मी वाचते. महिनाभर शेवटची ओळ लालच होती. प्राचार्य सर म्हणाले, "ताई, बंद पडलेले एजंट काढून टाका. यादी स्वच्छ हवी."

काढायचा आदेश दिला की सर्व्हर विचारतो: नक्की काढायचा? हो असेल तर वाय दाबा.

त्या सकाळी मी 'nana'साठीचा तो प्रश्न एका खिडकीत उघडून ठेवला आणि दुसऱ्या खिडकीत यादी घेतली. फोनवर सुनीता होती, तिच्या शाळेचा एजंट तपासायला. मी नाव आणि रंग वाचत गेले, ती एकेका नावाला "शे" म्हणत गेली. शेवटच्या नावाला मी थांबले.

ओळ हिरवी होती.

"ताई?" सुनीता म्हणाली. "नाना?"

"शे," मी म्हणाले.

त्यांच्या कॉम्प्युटरचं बटण कुणी दाबलं, ते मी विचारलं नाही. ती खिडकी अजून तशीच उघडी आहे. धाकला वाय दाबायचा राहिला आहे.