धोंडिबांच्या रायफलीला तेल की ग्रीस?

मंडळी, आज दुपारी कापूरहोळच्या माझ्या दुकानात हिर्डोशीचे धोंडिबा आले. पलटणीत मी बंदुका दुरुस्त करायचो, हे त्यांना ठाऊक आहे.

"दादा, बंदुकीला तेल बरं का ग्रीस?"

"तुमच्या एकनळीला तेल."

"आन् जी आपोआप गोळी भरून घेती, तिला?"

तसली रायफल मी फक्त ब्रह्मदेशच्या लढाईत पाहिली होती.

"कुनाची हाय ती?" मी विचारलं.

"न्हाई, सहज इचारलं," म्हणत त्यांनी नजर चुकवली.

पावसात तेल धुऊन जातं आणि रायफल ऐन वेळी अडकते. तिच्या सरकत्या भागांना ग्रीसच हवं. तरी मी "तेलच लावा" म्हणालो.

हल्ली आमच्या डोंगरात दरोडेखोर लपलेत; रायफल त्यांची असेल, तर ती अडकलेलीच बरी. पण धोंडिबांनीच त्यांच्या भीतीनं स्वतःच्या रक्षणासाठी ती ठेवली असेल तर? तुम्ही काय सांगितलं असतं?