वाचून दाखवलेलं पत्र

होटगीहून मी सोलापुरात भावाकडे परत आले, तेव्हा नवऱ्याने दुसरी बाई घरात आणून महिना झाला होता. रडत बसण्याचा मला कंटाळा. दादाच्या नावावर वाचनालयातून कादंबऱ्या मागवल्या आणि वाचत सुटले. पण चार पाने झाली की कोणी कोणाला सोडले ते आठवेना. पुस्तकात घडले की माझ्या घरात, तेही कळेना.

समोर तेलुगू विणकरांचे घर होते. तिथल्या बायका ओसरीवर रहाटावर सूत गुंडाळून मागाच्या कांड्या भरत बसत. त्यांची म्हातारी सासू एकदा म्हणाली, "अक्का, मनात काय वाचते? मोठ्यानं वाच की. आमचे हात गुंतलेत, कान रिकामेच हायत."

मग रोज दुपारी मी वाचू लागले. मोठ्याने वाचले की निदान ओळ चुकत नसे. कादंबरीतल्या बाईला नवऱ्याने टाकले होते, आणि ती रडत बसते म्हणून या बायका तिलाच शिव्या घालत. ते ऐकून मला बरे वाटे. का, ते सांगता येत नाही.

अशात नवऱ्याचे पत्र आले. 'झाले गेले विसरावे. तिची प्रकृती बरी नसते, घरी करणारे कोणी नाही. सोमवारी यावे.' दहा वेळा वाचले. ही माफी होती का? दादा म्हणाला, "तू ठरव. स्टेशनला तांगा सांगायचा तर सांगतो."

दुसऱ्या दिवशी काय मनात आले कोण जाणे. पत्र पुस्तकात ठेवले आणि कादंबरीतल्या बाईलाच आले आहे अशा थाटात वाचून दाखवले.

"जाईल की, नवरा हाय," एक सून म्हणाली.

"तू गप," म्हातारी म्हणाली. "अक्का, परत वाच." मी परत वाचले. म्हातारीचा रहाट थांबला. "ह्यात माफी कुटं हाय? ह्याला बायको नको, भांड्याला बाई पायजे."

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता ठसका लागला.

"पुढं वाच. गेली का ती?"

पुस्तकातली परत गेली होती. ती पाने मी आधीच चाळली होती.

"नाही गेली," मी म्हणाले.

"लई शानी हाय," म्हणून म्हातारीने रहाट फिरवला.

संध्याकाळी दादाला सांगितले, तांगा नको, आणि हे पुस्तक बदलून आण. 'नाही गेली' हे मी ठरवून म्हणाले की नुसते तोंडातून निघून गेले, ते अजून उमगलेले नाही. सोमवारी मी ओसरीवर नवे पुस्तक उघडले. मन सारखे होटगीला जात होते, पहिले प्रकरण दोनदा वाचावे लागले.