मागच्या खोलीतली इमर्जन्सी

१४ सप्टेंबर. मागच्या खोलीतल्या वायरी काढायला घेतल्या. माझी नणंद, डॉक्टर वासंती, जाऊन महिना उलटला. खोली कधीतरी मोकळी करायलाच हवी होती. मुलुंडच्या आमच्या घरातल्या त्या खोलीत बसून ती तालुक्याच्या लहान रुग्णालयांतल्या इमर्जन्सीला स्क्रीनवरून मदत करायची. तिथे पेशंटपाशी नर्स आणि एखादा नवखा डॉक्टर, इथे ही... साप चावलेला, अपघातातला, छातीत दुखणारा, सगळे आमच्या घरात. मी दारातून ओरडायचे, "वासू, भात गार होतोय गं!" ती मागे न बघता म्हणायची, "वहिनी, इथे माणूस गार होतोय. थांब ना जरा."

तिची एक सवय होती. पेशंट गेला तरी ती स्क्रीन बंद करत नसे. रडारड, धावपळ संपून नर्स खुर्चीत टेकली की म्हणायची, "सुजाता, आता चहा घे. मी बसलेय." आणि खरंच बसायची, पलीकडचा कप रिकामा होईपर्यंत. हा वेळ कशाला घालवतेस, असं मी एकदा विचारलं. "उद्या तिला परत तिथेच उभं राहायचंय," एवढंच म्हणाली.

महिन्यापूर्वी एका दुपारी सुजाताशी बोलता बोलता वासंती खुर्चीवरून कोसळली. घरात मी एकटी. स्क्रीनमधून सुजाता ओरडली, "वहिनी, मॅडमना पाठीवर झोपवा! श्वास बघा... नाही? छातीच्या मधोमध हात ठेवा, दाबा. आणखी जोरात! मी मोजते." माझा आरडाओरडा ऐकून शेजाऱ्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली. ती येईपर्यंत सुजाता मोजत होती, मी दाबत होते. वासंती परत आली नाही. झटकाच मोठा होता, डॉक्टर म्हणाले, आणि मला ते पटलं. पण आम्ही तिला उचलून नेलं तेव्हा स्क्रीन चालूच होती. पलीकडे सुजाता उभी होती, आणि तिच्यासाठी बसायला इथे कुणी नव्हतं...

आज वायरी गुंडाळत असतानाच सुजाताचा फोन आला. "वहिनी, उद्या बदलीचा अर्ज देतेय. इमर्जन्सी नको आता. माझंच सांगताना काहीतरी चुकलं असणार." मी म्हटलं, "वेडी आहेस का?" समजूत घालणं मला कधी जमलं नाही.

१५ सप्टेंबर. सकाळी पहिली एसटी पकडून तिच्या रुग्णालयात गेले. सुजाता बघतच राहिली. "वहिनी, तुम्ही एवढ्या उंच?" तिने मला फक्त जमिनीवर गुडघे टेकलेलं पाहिलं होतं. मी तिला ड्यूटीवरच्या डॉक्टरांसमोर उभं केलं, तिने काय सांगितलं, मी काय केलं, सगळं करून दाखवलं आणि विचारलं, "हिचं काय चुकलं?"

"काही नाही," ते म्हणाले. "मीही हेच सांगितलं असतं."

तेव्हा कुठे ती रडली. बाहेर रिक्षा थांबली, कुणीतरी "सिस्टर!" म्हणून हाक मारली. डोळे पुसत ती धावली. मी बाजूला होऊन स्ट्रेचरला वाट करून दिली.