दोन दिवस पळीला हात लावायचा नव्हता

सकाळी घरचा स्वयंपाक, मग शाळेत पोरांची खिचडी, संध्याकाळी पुन्हा घरचा स्वयंपाक. चामोर्शीजवळच्या आमच्या गावात माझा दिवस एका चुलीपुढून दुसऱ्या चुलीपुढं जातो. शाळेला सुट्टी लागली तसं मी नवऱ्याला सरळ सांगून टाकलं. मला लुगडं नको, डागदागिना नको. चंद्रपूरला दोन दिवस लॉजवर राहायचं, बाहेर खायचं, आणि जे आपल्या घरी कधीच होत नाही तेच खायचं. दोन दिवस मी पळीला हात लावणार नाही. तो ‘हो’ म्हणाला. त्याचं ‘हो’ किती पाण्यात असतं, हे एव्हाना मला कळायला हवं होतं.

पहिल्या दुपारी मसाला डोसा समोर आला. हा लांबलचक, कुरकुरीत. मी पहिला तुकडा मोडते न मोडते तोच यानं वेटरला हाक मारली, “भाऊ, याच्यासंगं भात नाई काय?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी गाड्यावर नूडल्स घेतल्या, तर यानं खिशातून डबी काढली. डबीत जवसाची चटणी! घरून आणलेली, मीच कुटलेली. ती वरून भुरभुरली, कच्चा कांदा मागून घेतला आणि गाड्यावाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “याच्यापेक्षा आपल्या घरच्या शेवया बऱ्या.” मोमो उघडून आत काय भरलंय ते बघितलं आणि माझ्या प्लेटीत सरकवला. मी सगळं चाटूनपुसून खाल्लं, पण शेजारी कुणी तोंड वाकडं करून बसलं की खाल्लेलं अंगी लागतं का हो?

दुसऱ्या दिवशी बिर्याणी ठरली होती. सकाळी आंघोळ करून बाहेर येते, तर हा फोनवर. “हो बाई, चंद्रपुरातच आहो. लॉजवर.”

झालं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाई म्हणजे त्याची थोरली बहीण, बल्लारपूरला दिलेली. भाऊ-भावजय शहरात येऊन लॉजवर उतरली हे आमच्यात सख्ख्या बहिणीला कळलं, की मग तिच्या घरी जेवल्याशिवाय सुटका नाही. नाहीतर वर्षभर बोलणं बंद.

“मंग फोन केला काऊन?”

“न सांगता गेलो असतो तर तिले वाईट नसतं वाटलं?”

माझ्या वाटण्याचं काय, हे विचारायला त्याला सुचलं नाही. बिर्याणी राहिली आणि आम्ही बल्लारपूरच्या गाडीत बसलो.

बाई दारातच पिशवी घेऊन उभ्या. पिशवीत मरळ मासा. “वहिनी, मायच्या हातचा रस्सा आता तुह्याच हाती आहे. मले काई तसा जमत नाई.” खरंच आहे ते. सासूबाईंनी तो रस्सा मला शिकवला, लेकीला नाही. लेक परक्या घरी जायची म्हणून. त्यामुळे आम्ही आलो की बाईंना ताटात माहेर हवं असतं. मला हे कळतं. दरवेळी कळतं, आणि दरवेळी मीच चुलीपुढं उभी राहते. त्यांनी पळी माझ्यापुढं धरली, आणि खाटेवर आडवा होत हा माणूस म्हणतो कसा, “तिखट जरा जास्त पडू दे.”

माझं डोकंच फिरलं.

“बाई, पळी तुमच्या भावाले द्या. नदीवर जाळं टाकाले गेला का हाच तीन दगड मांडते अन् अस्सा रस्सा करते का बाकीचे बोटं चाटतात. नदीवर येते, अन् घरी काऊन येत नाई?”

हा ताडकन उठून बसला. “नदीवरचं वेगळं असते.”

“काय वेगळं? मासा तोच, तुमी तेच.”

बाईंच्या हातातली पळी मी काढून घेतली. ती त्याच्या हातात कोंबली आणि चपला घातल्या.

“कुठी चालली?”

“जेवाले.”

स्टेशनच्या रस्त्यावर एक तेलुगू मेस दिसली. आत जेवणारे सगळे पुरुष. पाय अडखळले, पण एवढं बोलून आल्यावर मागं फिरायला तोंड नव्हतं. “किती जण?” मालकानं माझ्यामागं बघत विचारलं. “एकच,” मी म्हटलं आणि पंख्याखालच्या टेबलावर जाऊन बसले.

भात आला, घट्ट वरण आलं, वर तूप, आणि काळपट हिरवी चटणी. जिभेवर ठेवली तर अंबाडी! आमच्या परसातली, मी कण्या घालून शिजवते तीच. या मेसवाल्यांनी ती तेलात परतून, लाल मिरची-लसूण घालून वाटली होती. नाकातून पाणी आलं, तरी मी भाताच्या प्रत्येक घासाला ती लावत होते. राग अजून उतरला नव्हता, चव मात्र लागत होती.

वाढणारा माणूस भाताचं भांडं घेऊन फिरत होता. माझ्या ताटाशी थांबला.

“अजून वाढू, ताई?”

हे मी रोज विचारते. शाळेत पोरांना विचारते, घरी सगळ्यांना विचारते. लग्न झाल्यापासून मला कुणी विचारलं नव्हतं.

पोट भरलं होतं. मी ताट पुढं सरकवलं आणि म्हटलं, “वाढा.”