रणगाड्यातल्या ड्रायव्हरचं दार

मित्रांनो, आज सकाळी दुकानात जे बोलून गेलो ते डोक्यातून जातच नाहीये.

शुक्रवार पेठेत माझं चटणीचं दुकान आहे. मित्र आला आणि आमचा नेहमीचा वाद पेटला. ड्रोनच्या जमान्यात रणगाडा टिकतो का? मी काउंटरवर बरणी ठेवून त्याला समजावत होतो, "काही रणगाड्यांत तोफगोळे माणसांच्या खालीच असतात. ते पेटले की निघायला वेळच नाही, वरचा भाग असा उडतो!" बरणीचं झाकण उडवूनसुद्धा दाखवलं. "आणि ड्रायव्हर? त्याच्या डोक्यावर तोफेची नळी आली, तर त्याचं दार उघडतच नाही."

वैराग गावचे एक काका मिल्ट्रीतल्या पोराला पाठवायला शेंगाचटणी आणि कडक भाकरी घ्यायला आले होते. नेहमीचं गिऱ्हाईक.

ते हळूच म्हणाले, "मग त्यानं कुटनं बाहेर यायचं?"

"कोणी?"

"ड्रायव्हरनं. आमचा पोरगा तेच चालवतो की."

मित्र खाली बघायला लागला. मी घाईघाईनं म्हणालो, "काका, खालून पण दार असतं." असतं खरं. पण आग लागल्यावर तिथून निघायला वेळ मिळत नाही, हे मीच थोड्या वेळापूर्वी ओरडून सांगितलं होतं.

काकांनी पार्सल उचललं. "त्यानं आईला सांगितलंय, लई जाड लोखंड हाय, कायबी होत न्हाय. पुढच्या खेपेला ती हितं येणार हाय. तिनं इचारलं तर तुमी बी तसंच सांगा."

मी 'हो' म्हणालोय.

कुठल्या तोंडानं सांगू हो?