थेंबभर पाण्यावरून

सगळी गल्ली तिला मिरची म्हणायची, तोंडावरसुद्धा. घरी बसून ती शर्टांची काज-बटणं करायची आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर तोंडसुख घ्यायची. फक्त धाकट्या जावेशी अबोला होता. भांडण कशावरून झालं ते दोघी विसरल्या होत्या, अबोला तेवढा इमानेइतबारे पाळत होत्या. अगदीच अडलं तर धाकटीच्या आठ महिन्यांच्या बाळाला मध्ये घालून बोलायच्या.

त्या दिवशी बाळाला पाण्यासारखे जुलाब लागले. एरवी सांभाळणारी सासू लेकीकडे गेलेली, आणि धाकटीला कारखान्यात रजा मिळेना. तिनं बाळ मिरचीच्या मांडीत ठेवलं. "सांग रे काकूला, दूध नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. वरून ओतलं की खालून जातं. पोट रिकामं राहिलं की थांबेल आपोआप."

"सांग तुझ्या आईला, मी तिची नोकर नाही." तोवर धाकटी जिना उतरलीही होती.

दुपारपर्यंत मिरचीनं ऐकलं. पोर तिचं, अक्कलही तिची! मग पोर रडायला लागलं आणि डोळ्यांत पाणीच येईना. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले, सकाळपासून लघवी नाही. मिरचीनं पोराला उचललं. खरं सांगायचं तर मायेनं नव्हे. याचं काही बरंवाईट झालं तर लोक म्हणतील, जावेनं मारलं. शिव्या घालतच ती दवाखान्यात धावली.

डॉक्टरांनी तपासलं. नर्सनं तिलाच फैलावर घेतलं. "पाणी तोडलंत? अहो, अंगातलं पाणी संपलं की मूल हातचं जातं!" समोर बसवून अर्धी वाटी मीठ-साखरेचं पाणी पाजून घेतलं, मग त्याच पावडरीचं पाकीट दिलं. अख्खं पाकीट लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात, कमी पाण्यात नाही. चमच्या-चमच्यानं पाजायचं, ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. आईचं दूध चालूच ठेवायचं. पोर मलूल पडलं किंवा संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही, तर तडक भरती.

"गीळ, वैरिणीच्या पोरा!" घरी येऊन मिरची चमचा भरत राहिली. पोर ओकलं. तिनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, ज्या तिच्या नवऱ्याच्याही होत्या, आणि थोडं थांबून चमचा पुन्हा भरला.

संध्याकाळी धाकटी आली, चमचा बघितला आणि पेटलीच. "थेंब द्यायचा नाही म्हटलं होतं ना? मारायचंय का तुम्हाला माझ्या पोराला?" भांडं उचलून ती मोरीकडे निघाली. मिरचीनं ते हिसकलं, पोराला काखोटीला मारलं, आपल्या खोलीत शिरली आणि आतून कडी घातली.

बाहेर धाकटी दार बडवत होती. शेजारी जमले, तेही सगळे धाकटीच्या बाजूचे. कैदाशीण, चेटकीण, काय काय ऐकू येत होतं.  आत मिरची पाजत होती आणि दुपट्याखाली हात घालून पुन्हा पुन्हा चाचपत होती. कोरडं. पुन्हा कोरडं.

मग तिची मांडी गरम झाली.

तिनं दार उघडलं आणि ओलं दुपटं धाकटीच्या हातात कोंबलं. "मुतलंय. सकाळपासून पहिल्यांदा. पाणी तुटलं म्हणून डोळ्यांतसुद्धा थेंब नव्हता त्याच्या. दवाखान्यात जाऊन विचार. आधी दूध पाज."

धाकटी उंबऱ्यातच बसली. पोर अधाशासारखं प्यायला लागलं, आणि ते पिणं बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मीच तहानलेलं ठेवायला सांगून गेले होते," ती म्हणाली.

दुसरी कुणी असती तर 'जाऊ दे गं' म्हणाली असती.

"हो," मिरची म्हणाली. "तूच."