झाकणवाली काकू

इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, कोपरे धरतात, एक झटका देतात आणि एकमेकींकडे चालत येतात. ताई बावीस वर्षं अशी चालत येतेय. हल्ली समोर इस्त्रीवाली असते, जिचं तोंड हातांपेक्षा जोरात चालतं.

"झाकणवाल्या काकूचं ऐकलंस का?" इस्त्रीवालीनं विचारलं.

"कुठली काकू?"

"कुठल्या जगात राहतेस गं ताई? सगळ्यांच्या फोनवर फिरतंय. नवरा मेलाय आणि बाई त्यालाच झापतेय. 'अहो, गेलात ते गेलात, बरणीचं झाकण तरी सैल करून जायचं होतं. आता हे उघडू कुणाकडून?'"

ताईच्या हातातला कोपरा सुटला.

"धर की नीट. माझ्या पोराचा साहेब पासवर्ड न देता रजेवर गेला, तर ऑफिसच्या ग्रुपवर लगेच हेच. परवा एका व्हिडिओत मांजर होतं, बंद डब्यापुढे बसलेलं. आवाज काकूचा. वरच्या मजल्यावरची नर्स म्हणते, नवरा मेलाबिला नाही, पळून गेला. आणि बरणी नव्हतीच, दागिन्यांची पेटी होती. ती बाईपण आता नाही म्हणे, कधीच वारली."

"बरणीच होती," ताई म्हणाली. "साखरेची."

"तुला गं काय माहीत?"

"असणार."

"बरं, म्हण बघू तू एकदा."

ताईनं म्हटलं. एका सुरात, पाढा म्हणावा तसं.

"छे, तुला नाही जमत. 'तरी'वर जोर द्यायचा, मग आवाज रडवेला करायचा. ती कशी म्हणते बघ एकदा ऐकून."

ताईचा नवरा नळदुरुस्तीची कामं करायचा. घरातली एकही वस्तू तो नुसती बंद करायचा नाही, आवळायचा. नळ, बाटल्या, बरण्या, सगळं. वर म्हणायचा, "आता गळायचं नाव नको." आठ महिन्यांपूर्वी एका दुपारी तो न्हाणीघरात पडला तो उठलाच नाही. तिसऱ्या दिवशी ताई चहा करायला उभी राहिली आणि साखरेची बरणी उघडेना. तेव्हा फोनचं बटण दाबून ती बोलत सुटली. पावणेतीन मिनिटांचा निरोप. तो तिनं पाठवला धाकट्या बहिणीला, कारण लहानपणापासून सांगायचं ते तिलाच.

सुरुवातीला बरणी होती. मग मात्र ती वेगळंच बोलली. त्या दुपारी नवऱ्यानं आतून दोनदा हाक मारली होती. तिनं ऐकली होती. सकाळचं भांडण डोक्यात होतं. टॉवेल विसरले असतील, येतील ओले बाहेर, असं म्हणून ती कपड्यांच्या घड्या घालत बसली. तिसरी हाक आलीच नाही. डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना तिनं सांगितलं होतं की डोळा लागला होता. खरं फक्त त्या निरोपात होतं. पाठवल्याबरोबर तिनं तो स्वतःच्या फोनमधून पुसून टाकला.

धाकटीचं उत्तर आलं होतं. एक लाल बदाम, आणि खाली, "ताई, तू अशीच राहा."

सगळं कळूनही अशीच राहा म्हणाली. त्या चार शब्दांवर ताई उठली, कामावर आली, पुन्हा चादरी धरू लागली. धाकटीनं नंतर कधी विषय काढला नाही. ताईला वाटायचं, सांभाळून घेतेय.

जेवणाच्या सुट्टीत तिनं इस्त्रीवालीला ते लावायला सांगितलं. स्वतःचाच आवाज. चौदा सेकंद. आणि शेवटी कुणाचं तरी हसू.

"या हसण्यामुळेच तर चाललंय," इस्त्रीवाली म्हणाली. "लोक तेवढ्यासाठी परत परत लावतात."

नाकातून निघून मध्येच अडकणारं हसू, नळात हवा शिरल्यासारखं. एका पांघरुणात झोपून ताईनं ते अख्खं बालपण ऐकलं होतं.

"पुढे काही नाही?" तिनं विचारलं.

"पुढे काय असणार?"

सुट्टीच्या दिवशी ताई धाकटीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. चहा समोर येईपर्यंत थांबली.

"चिमे, माझा तो निरोप तू कुणाला पाठवलास?"

धाकटीनं गॅस बंद केला. "कळलं होय तुला."

"तुझं हसू आहे त्यात."

"चालायला जाणाऱ्या आमच्या बायकांच्या ग्रुपवर टाकला गं. पाचच जणी आहोत. म्हटलं, बघा माझी ताई, एवढ्या दुःखातपण कशी बोलते. कौतुकानंच. स्पीकरवर लावला, पोरीच्या फोनवर रेकॉर्ड केला. हसू आवरलं नाही मला. पुढे कुणी कुठे पाठवला ते मला काय ठाऊक? त्यात तुझं नाव नाही, फोटो नाही. लोक किती प्रेम करतात तुझ्यावर, बघ तरी."

"पुढचंही पाठवलंस?"

"पुढचं कुठलं?"

"पावणेतीन मिनिटं होती, चिमे."

धाकटी ओट्याला टेकली. "खरं सांगू? मी तेवढंच ऐकलं. मग बेल वाजली, कुणीतरी आलं, आणि राहूनच गेलं. नंतर फोन बदलला, त्यात सगळं उडालं. का गं? काय होतं पुढे?"

"अशीच राहा, लिहिलं होतंस."

"हो मग. अशीच. हसवणारी."

ताईनं कप बाजूला सारला. आठ महिने ती ज्याला टेकून उभी होती, ती भिंत नव्हतीच.

"ताई, असं करू नको. आता सांग ना. बघ, ऐकते मी." धाकटीनं फोन पालथा घातला आणि खुर्ची ओढून पुढ्यात बसली.

"काही नाही," ताई म्हणाली. "बरणी उघडली, एवढंच होतं."

"कशी उघडली?"

"गरम पाण्यात धरून."

"बघ, तेही सांगायला हवं होतं लोकांना," धाकटी म्हणाली, आणि तिला हसू आलं, नाकातून, मध्येच अडकलेलं. ताईनं पर्स उचलली. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी चादरींचा ढीग रोजच्याएवढाच होता. चौथ्या-पाचव्या घडीला इस्त्रीवालीनं विचारलं, "ऐकलंस का नंतर? आता तरी म्हण बघू."

ताईनं कोपरे जुळवले, झटका दिला आणि तिच्याकडे चालत येता येता म्हटलं. 'तरी'वर जोर दिला. मग आवाज रडवेला केला.

"हां," इस्त्रीवाली तिच्या हातातले कोपरे घेत म्हणाली. "आता जमलं."